बाहीला मारलेली गाठ

४ मार्च

गाठोड्या,

या नावाने तुला हाक मारणारं माणूस जगात एकच होतं आणि ते मेलं, असं तू लोकांना सांगत आलास. मेले नाही. धडधाकट आहे, दोन वेळा जेवते आणि तुझे शर्ट इस्त्री करते.

खरंच. दर आठवड्याला जी निळी गाडी तुझ्या दारातून कपड्यांचा गठ्ठा नेते, त्या लॉन्ड्रीत मी अकरा वर्षं आहे. तुझे कपडे आमच्याकडे यायला लागून दोन वर्षं होतील. पहिला शर्ट टेबलावर पसरला आणि कॉलरचं डावं टोक चावून चावून पिंजलेलं दिसलं, तेव्हाच म्हटलं, जित्याची खोड. मग गठ्ठ्यावरचा पत्ता पाहिला आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले. तेव्हापासून तुझे कपडे दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिले नाहीत. तुझी कंबर दोन इंच वाढलीय हे मला तुझ्या शिंप्याआधी कळलं. तुझ्या रंगाच्या दुकानातला थिनरचा वास एका धुण्यात जात नाही, म्हणून तुझे शर्ट मी दोनदा धुवायला लावते आणि आमची मुकादम माझ्यावर करवादते.

काल तुझा निळ्या रेघांचा शर्ट आला. त्याच्या उजव्या बाहीला गाठ होती.

आठवतं का, तू किती विसराळू होतास? आईने साबण आणायला पाठवलं तर मेणबत्त्या घेऊन यायचास. मीच तुला शिकवलं, लक्षात ठेवायचं असेल तर बाहीला गाठ मार. मग तू दोन्ही बाह्यांना गाठी मारून यायचास आणि कोणती कशाची ते विसरून भोकाड पसरायचास. त्यावरून गाठोड्या. मी घर सोडलं त्या सकाळी तू दारात उभा होतास, सोळा वर्षांचा, आणि तुझ्या उजव्या बाहीला गाठ होती. मागे बाबा उभे होते म्हणून तू बोलला नाहीस. पण मी गाठ पाहिली होती. बत्तीस वर्षं तिच्यावर काढली.

त्याच्या आदल्या दिवशी जे झालं ते मी मनात ठेवलेलं नाही. बाबांनी सांगितलं, तू केलंस. सोळा वर्षांच्या पोराची नाही म्हणायची काय टाप होती?

म्हणून कालची गाठ मी स्वतः सोडवली, कोणाला सांगितलं नाही. शर्टाला खळ घातली, कडक इस्त्री केली आणि ही चिठ्ठी खिशात ठेवतेय. कधीही ये. तू मला दादा म्हणायचास. इथे मला सगळ्या आत्या म्हणतात. बाईच्या कपड्यांत, बाई म्हणून राहते. तशी तेव्हाही बाईच होते, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. ताई म्हणायला जीभ अडखळत असेल तर काही म्हणू नकोस. नुसता ये, चहा पी.

आणि गुडघ्याची हेळसांड करू नकोस. पहाटे उठून कण्हत बसतोस म्हणे. शेक घेत जा.

तुझी इस्त्रीवाली


१० मार्च

गाठोड्या,

तू पोलिसांना सांगितलंस की सहा बायका तुझ्या घरावर दरोडा घालायला आल्या. आम्ही पाच होतो. आणि दरोडा घालायला कोणी सकाळी दहा वाजता, भरल्या रस्त्यात, स्वतःच्या धंद्याची पाटी रंगवलेली गाडी घेऊन येत नाही.

ती गाठ कोणाची होती ते आता लिहिते. तुला ते माझ्याआधी कळलं.

आमची लॉन्ड्री नुसती लॉन्ड्री नाही. इथे कामाला आहोत त्या सगळ्या एकाच नावेतल्या. कोणी बाईवर जीव लावणाऱ्या बायका, कोणी माझ्यासारख्या, ज्यांना घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं. गुरुवारी मशिनं बंद झाली की बाहेरच्याही वीस-पंचवीस जणी जमतात. कोणाला घरातून हाकललेलं असतं, कोणाला घरात कोंडलेलं. कोंडलेलीच्या हातात फोन राहू देत नाहीत, पण घरचे कपडे तर धुवायला जातातच. तिने आपल्या कपड्याच्या बाहीला गाठ मारायची, आम्ही जाऊन तिला बाहेर काढायचं. ही युक्ती माझी, तुझ्यावरून सुचलेली. नियमही मीच केला. गाठ आली की कोणी सोडवायची नाही, कपडा तसाच मुकादमच्या टेबलावर न्यायचा. मुकादम म्हणजे आमची मालकीण. हुकूम सोडायच्या सवयीवरून हे नाव पडलं. सात वर्षांत चौदा जणी अशा बाहेर काढल्या. एकही गाठ चुकली नव्हती.

तुझी ठमी वर्षभर आमच्यात येते. एका वेल्डर मुलीचा हात धरून आली आणि आल्या आल्या माझ्या कानांकडे टक लावून बसली. आपल्या घराण्याचे कान, पाळी गालाला चिकटलेली. तिसऱ्या गुरुवारी जवळ येऊन विचारलंन, तुम्ही माझ्या बाबांच्या कोण? मी म्हटलं, आत्या. तिने मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली.

मग तुला तिच्याकडे वेल्डरचा फोटो सापडला. तू तिला माडीवर कोंडलंस आणि पळून जाऊ नये म्हणून तिचे कपडेही कुलपात घातलेस. गठ्ठा बांधायला तिच्या हाताशी उरले फक्त तुझे शर्ट. तिने त्यातल्या एकाला गाठ मारली. बाईचा कपडा असता तर मी डोळे मिटून मुकादमकडे नेला असता. शर्ट तुझा होता आणि माझी मती फिरली. उतारवयात मला भाऊ हवा होता, दुसरं काही नाही. तिने जीव वाचवायला मारलेली गाठ मी सोडवली आणि वर खळ घातली.

वर ती चिठ्ठी. तुझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात माणसं दोन, तू आणि ठमी. तुझं पहाटेचं कण्हणं मला कोणी सांगितलं हे कळायला तुला किती वेळ लागला असेल? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण अवलक्षण माझं आणि हात तिचा.

चिठ्ठी गेल्यावर चार दिवस ती तशीच कोंडलेली होती. काल आमच्या ड्रायव्हरला, निळी गाडी चालवते तिला, तुझ्या गल्लीतून जाताना माडीच्या खिडकीच्या गजांना तुझे सगळे शर्ट बांधलेले दिसले. प्रत्येक बाहीला गाठ. एका हाताने आणि दातांनी मारल्या, असं ठमीने नंतर सांगितलं.

वेल्डरने ग्राइंडरने कुलूप कापलं. मी आत गेले तेव्हा तुझी पोर भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा सुजून बंद, वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, डोक्यावर मुठीएवढी दोन टकलं, जिथले केस उपटले होते. डावा हात उशीवर ठेवला होता, जसं काही दुसऱ्या कोणाचं सांभाळायला दिलंय. तो हात पाहिला आणि मी माझी डावी बाही मनगटाखाली ओढली.

तेवढ्यात तू आलास. शेजाऱ्याने दुकानात फोन केला असणार. हातात शटरचा गज. दारात ड्रायव्हर उभी होती. ती फक्त म्हणाली, काका, बाजूला व्हा, पोरीला दवाखान्यात न्यायचंय. तू तिच्या तोंडावर गज मारलास. जबडा दोन जागी मोडलाय, चार दात गेलेत. ती पडल्यावर तू बरगड्यांत आणखी दोन घातलेस. तो आवाज ओलं कापड दगडावर आपटल्यासारखा होता, आणि मी रोज तो आवाज ऐकणारी बाई आहे, आता मला तो ऐकवत नाही. वेल्डरने चालू ग्राइंडर तुझ्या पोटासमोर धरला तेव्हा कुठे तू मागे सरलास. तुझ्या अंगात मी इस्त्री केलेला शर्ट होता. घडी अजून मोडली नव्हती.

ठमीचा पत्ता काढायला माणसं पाठवू नकोस. ती इथे नाही, लांब पाठवलीय.

आणि गाठ मी सोडवली हे अजून या बायकांना सांगितलेलं नाही. गठ्ठा साधाच आला होता असं म्हणाले. खरं सांगतेय ते तुला. बघ माझी तऱ्हा.


२३ मार्च

गाठोड्या,

कोणी मेलं नाही. हे आधी लिहिते, कारण तू वाट बघत असशील.

तुझ्यावर तक्रार द्यायला गेलो तर चौकीतल्या साहेबांनी कागदावर लिहिलं, घरगुती भांडण. ड्रायव्हर तारेने बांधलेला जबडा घेऊन समोर बसली होती, तोही घरगुती. ठमीचा हात बघून म्हणाले, इस्त्री करताना भाजतं, माझ्या बायकोलाही भाजतं, मुलगी बापाच्या ताब्यात द्या आणि विषय संपवा. दुसऱ्या सकाळी आम्ही चाळीस जणी चौकीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मुकादमचा हुकूम होता की सगळ्यांनी कडक इस्त्रीचे कपडे घालायचे, म्हणजे फरफटत नेलं तर चुरगळा कोणी केला ते लोकांना दिसेल. मागणी एवढीच की एकवीस वर्षांची बाई ही कोणाच्या ताब्यात द्यायची वस्तू नाही. लोक येता-जाता थुंकले. कोणीतरी मारलेली बाटली माझ्या पाठीत फुटली, तीन टाके पडले. ड्रायव्हरला बोलता येत नाही, म्हणून तिने पाटी आणि कपड्यांवर खुणा करायचा खडू घेतला होता. त्याने ती साहेबांसाठी शिव्या लिहीत होती, सुवाच्य अक्षरात. तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार लिहून घेतली.

चौथ्या दिवशी तू लॉन्ड्री पेटवलीस.

भर दुपारी दोन माणसं गिऱ्हाइकासारखी आली आणि धुतलेल्या कपड्यांच्या फळ्यांवर त्यांनी डबे उपडे केले. वास आला आणि मी तो ओळखला. दोन वर्षं तो वास मी तुझ्या शर्टांतून काढतेय. थिनर पेटलं की आधी ज्योत नुसती पळते, मग सगळं एकदम धडाडतं. नायलॉनचे कपडे जळत थेंबाथेंबाने खाली गळत होते. एक थेंब माझ्या मानेवर पडला, तिथे आता खड्डा आहे. मुकादम बाहेर पडली होती, पण कोंडलेल्या बायकांच्या पत्त्यांची वही आत राहिली म्हणून परत घुसली. प्लास्टिकचे हँगर वितळून फरशीवर पसरले होते. तिच्या सपाता तळव्यांना चिकटल्या, त्या दवाखान्यात कातडीसकट कापून काढाव्या लागल्या. वही तिने पोटाशी धरली होती, ती वाचली.

तू समोरच्या सलूनच्या पायरीवर उभा होतास. मी माझ्या टेबलावरची इस्त्री घेऊन बाहेर पडले होते. का घेतली ते विचारू नकोस, आग लागली की माणूस हाताशी असेल ते उचलतो. रस्ता ओलांडून तुझ्याकडे आले. मग इस्त्री फुटपाथवर ठेवली आणि परत फिरले.

दवाखान्यात मुकादमच्या खाटेशी बसून मी तिला गाठीचं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्या पोरींना तू शिकवतेस, भाऊ सुधारेल म्हणून थांबू नका. आणि स्वतः?" एवढं बोलून भिंतीकडे तोंड फिरवलं. ड्रायव्हरने माझ्यासमोर पाटी धरली, तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आज गिऱ्हाइकं आली. कपडे जळाले, तेव्हा भांडायला येणारच. त्यात निवृत्त हेडबाई होत्या, ज्यांच्या हाताखालून निम्मं गाव गेलं. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचा शेवटचा कोट तुमच्याकडे होता. आम्ही माना खाली घातल्या. त्या म्हणाल्या, "मान कसली घालता? खुर्ची आणा." तेव्हापासून जळक्या दारात खुर्ची टाकून, छत्री मांडीवर आडवी धरून बसल्यात. माणसं पाठवायची असतील तर खुशाल पाठव. त्यांनी तुलाही शिकवलंय.


२४ मार्च

कालच्या पत्रात मी काहीतरी गाळलं. रस्ता ओलांडला आणि इस्त्री खाली ठेवली, या दोन वाक्यांच्या मध्ये. तू तिथेच होतास, तुला ते नव्याने सांगायची गरज नाही. पण सकाळपासून ते मला टोचतंय. आज लिहवत नाही.


१६ एप्रिल

तुला,

वकीलबाईंनी बजावलंय की तुला पत्र लिहायचं नाही. तुझ्या वकिलाने माझी सगळी पत्रं कोर्टात लावलीत, आणि खिशातली चिठ्ठी मी तुझ्या मुलीला फितवल्याचा पुरावा म्हणून. मी म्हटलं, मग शेवटचं एक लिहिते आणि त्याची प्रत मीच लावते.

उद्या सुनावणी. तुझा अर्ज मी तीनदा वाचला. मुलीचं डोकं ठिकाणावर नाही, तिने स्वतःचा हात भाजून घेतला, आम्ही तिला डांबून ठेवलंय, तिला बापाच्या घरी पाठवा. चोर तो चोर वर शिरजोर. ठमी पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच आहे. लांब पाठवलीय असं मी लिहिलं तेव्हा ती पलीकडच्या खोलीत झोपली होती. न्यायाधीशांनी तुझं मानलं तर उद्या संध्याकाळी ती परत त्याच माडीवर असेल. काल भांडी पुसता पुसता म्हणाली, "आत्या, परत पाठवलं ना, तर या वेळी मी गाठी मारत बसणार नाही." मी पुढे विचारलं नाही. कपाटातल्या औषधाच्या गोळ्या मात्र काढून हेडबाईंकडे ठेवायला दिल्या.

म्हणून आता सगळं लिहिते.

इस्त्री करताना हात भाजतो तो इस्त्रीच्या कडेने. बोटभर लांब, दोऱ्याएवढी रेघ उठते. आमच्या सगळ्यांच्या हातांवर अशा रेघा आहेत, साहेबांच्या बायकोच्याही असतील. ठमीच्या हातावर रेघ नाही. मनगटापासून वर इस्त्रीच्या तळाचा अख्खा तवा उमटलाय, टोक कोपराकडे, आणि मध्ये बारीक ठिपके आहेत, कारण तुझी इस्त्री नवी, वाफेची, तिला खालून भोकं असतात. टोक कोपराकडे कधी येतं? समोरच्या माणसाने मनगट धरून इस्त्री पुढे रेटली तर. स्वतःच्या हाताला असं कोणी करू शकत नाही. मी वकीलबाईंना थंड इस्त्री घेऊन करून दाखवलं, उद्या न्यायाधीशांनाही दाखवणार आहे.

आणि दुसरा पुरावा माझ्याजवळ आहे. माझ्या डाव्या हातावर तोच तवा आहे, त्याच जागी, टोक कोपराकडे. ठिपके नाहीत, तेव्हाच्या इस्त्रीला भोकं नव्हती.

बाबांना माझ्या पेटीत बाईचे कपडे सापडले. त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर दाबून धरलं, गुडघा माझ्या मानेवर. इस्त्री तुझ्या हातात दिली. म्हणाले, याला आठवण राहील असं कर. तू माझं मनगट धरलंस. तुझा हात माझ्या हातापेक्षा लहान होता. मांस शिजल्याचा वास येईपर्यंत तू इस्त्री उचलली नाहीस, आणि सगळा वेळ तू रडत होतास. मी तुझं रडणं तेवढं बरोबर नेलं. बत्तीस वर्षं पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, उन्हाळ्यातही, धगधगत्या टेबलापाशीही. कोणी हात पाहिलाच तर सांगायची, कामावर भाजलं. लॉन्ड्रीतलं माणूस, कोण शंका घेणार?

आता २४ तारखेला लिहवलं नाही ते. तुझा वकील उद्या ते काढणारच, म्हणून माझ्याच तोंडून जाऊ दे. सलूनच्या पायरीवर मी इस्त्री तुझ्या गालापाशी नेली. प्लग काढून मिनिटही झालं नव्हतं. चार किलोची इस्त्री, बोटभर अंतर. तुझ्या मिशीचे केस करपले, वास आपल्या दोघांनाही आला. मला ते करायचं होतं. ठमीसाठी नाही, मला त्या घटकेला ठमी आठवतच नव्हती. माझा स्वतःचा हात आठवत होता.

तू भिंतीला चिकटलास आणि म्हणालास, "दादा, नको. बाबांनी सांगितलं होतं."

मी विचारलं, "आणि ठमीच्या वेळी कोणी सांगितलं?"

मी थांबले. खरंच थांबले, काहीतरी बोलशील म्हणून. बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या माडीवर तुझ्या मानगुटीवर कोणी बसलेलं नव्हतं, इस्त्री कोणी हातात दिली नव्हती, प्लगसुद्धा तूच लावला असशील आणि ती तापायची वाट बघत बसला असशील. आमच्याकडे इस्त्री तापायला चार मिनिटं लागतात. तुझ्याकडे किती लागली? त्या चार मिनिटांत तू रडलास का, हे मी ठमीला विचारलं होतं. ती म्हणाली, नाही.

इस्त्री मला जड झाली म्हणून खाली ठेवली. दया आली म्हणून ठेवली असं समजू नकोस.

सकाळी मुकादमला हाताचं खरं सांगितलं. पायांना पट्ट्या आहेत, खुर्चीत बसूनच काम बघते. म्हटलं, तो कामावरचा डाग नव्हता. ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "कामाचा डाग कसा असतो ते तू मला सांगतेस?" अकरा वर्षं तिला माहीत होतं आणि तिने एकदाही विचारलं नाही. मग म्हणाली, उद्यापासून गाठोडी परत तूच उघडायचीस, पण टेबल माझ्याशेजारी. आजच एक नवी गाठ आलीय, शाळेच्या गणवेशाच्या बाहीला. ती आम्ही तशीच ठेवलीय. कोर्टातून परस्पर तिकडे जायचंय, ड्रायव्हर गाडी घेऊन बाहेर उभी राहणार आहे. तिच्या पाटीवर आज पत्ता लिहिलाय.

माझ्याकडे पूर्ण बाह्यांचे पाच ड्रेस आहेत. दुपारी ठमीने कात्री घेतली. तिच्या डाव्या हाताला अजून कापड धरवत नाही, म्हणून मी धरलं आणि तिने कापलं. दहाही बाह्या, कोपराच्या वर. विचारलंन, आत्या, यांचं काय करू? म्हटलं, पुसणी कर.

उद्या अकरा वाजता आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू आणि डावे हात उताणे टेबलावर ठेवू. तू समोरच असशील.

ठमीची आत्या